हरलेल्याचं काय करायचं?



गेल्या खेपेला चातुर्मासातल्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणींनी ‘आता मुलांच्या मोबाइलबद्दल लिहा’ असं सांगितलं. लिहायला बसले आणि गाडी भलतीकडेच वळली. आज मी मारामारीच्या एका व्हिडिओ गेमबद्दल लिहिणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हवं तर हसा.

झालं असं. राखी पौर्णिमेला माझा धाकटा भाऊ घरी आला. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे संध्याकाळ मोठी असते. भावाने पिशवीतून लॅपटॉप काढला, वायर टीव्हीला जोडली आणि भाच्याला म्हणाला, "ये, तुला आमच्या वेळचा खेळ दाखवतो." माझा मुलगा तेरा वर्षांचा. तो तर उडीच मारून बसला.

खेळाचं नाव मॉर्टल कॉम्बॅट टू. नाव ऐकून मला एकदम आमचे अण्णा आठवले. भाऊ शाळेत होता तेव्हा गावात व्हिडिओ गेमचं पार्लर निघालं होतं. शिकवणीला म्हणून निघायचा आणि तिकडे सायकल लावायचा. एकदा अण्णांनी त्याला कान धरून घरी आणलं होतं. तोच हा खेळ. आता चाळिशी उलटून गेलेला माणूस तो भाच्याला शिकवत होता.

सासूबाई झोपाळ्यावर माळ घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर पिवळ्या कपड्यांतला, तोंड झाकलेला एक योद्धा दोरीला बांधलेला भाला फेकून समोरच्याला ओढत होता. सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा तोंडाला फडकं बांधून कुणाचा जीव घ्यायला निघालाय? आपल्यात तोंडाला फडकं बांधतात ते जीव वाचवायला!" आम्ही सगळे हसलो. पण पुढच्याच मिनिटाला मुलाने कुठली तरी बटणं दाबली आणि पडद्यावर जे झालं ते मी इथे लिहिणार नाही. सासूबाईंनी माळ खाली ठेवली. "बंद कर ते."

भाऊ म्हणाला, "मावशी, चित्रं आहेत हो ती. खरं कोण मरतंय?"

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "यशोधराचा कोंबडा तरी कुठे खरा होता?"

भाऊ गप्प झाला. मीही गप्प झाले. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होईना. मग आईच्या आग्रहाखातर मधला मार्ग निघाला आणि पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. पीठच ते. रक्ताचा थेंब नाही. तरी त्या एका संकल्पापायी मायलेक मोर, कुत्रा असे कितीतरी जन्म फिरत राहिले. एका जन्मी तर खरोखरचे कोंबडा-कोंबडी झाले. लहानपणी बस्तीत ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती फार कडक वाटायची. एका पिठाच्या गोळ्यासाठी इतकी शिक्षा? त्या रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं, टीव्हीवरचा तो योद्धा म्हणजे आजच्या काळातला पिठाचा कोंबडाच की.

पण मैत्रिणींनो, बघितल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही असं मी ठरवून टाकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकून भावाला समोर बसवलं आणि म्हटलं, मला हा खेळ नीट समजावून सांग. तो आधी हसला, मग दोन तास बोलत होता. त्याने सांगितलेलं आणि मी नंतर वाचलेलं थोडक्यात सांगते, कारण कशाला विरोध करतोय हे आईला माहीत पाहिजे.

हा खेळ अमेरिकेतल्या शिकागोच्या मिडवे कंपनीने काढला. एड बून आणि जॉन टोबायस ही ते घडवणाऱ्यांतली मुख्य दोन नावं. पहिला भाग 1992 साली आला, दुसरा 1993 साली. तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. पार्लरमध्ये उभ्या कपाटाएवढं यंत्र असायचं. त्यात नाणं टाकायचं आणि उभं राहून खेळायचं. हाताशी एक दांडी आणि पाच बटणं. वरचा ठोसा, खालचा ठोसा, वरची लाथ, खालची लाथ, आणि पाचवं बटण अडवण्याचं. मला ते पाचवं बटण आवडलं. पाचांत एक तरी स्वतःला सावरण्यासाठी आहे.

पहिल्या भागात निवडायला सातच खेळाडू होते आणि त्यांत बाई एकच, सोन्या. दुसऱ्या भागात बारा झाले. शाओलिनचा भिक्षू लिउ कँग आहे, धारदार कडेची टोपी फेकणारा कुंग लाओ आहे, सिनेमातला नट जॉनी केज आहे. समोरच्याला गोठवून टाकणारा सब-झिरो आणि तो भाल्यावाला स्कॉर्पियन. आम्ल थुंकणारा आणि मधेच अदृश्य होणारा रेप्टाइल. विजेचा देव रेडेन. हातातून पाती निघणारा बराका. पोलादी वाटावेत अशा दंडांचा जॅक्स. शांग त्सुंग नावाचा जादूगार तर बाकी कुणाचंही रूप घेतो, पक्का बहुरूपी. आणि दोन बायका, किटाना आणि मिलीना. किटानाच्या हातात पोलादी पंखे, मिलीनाच्या हातात खंजिरासारखी हत्यारं. या सगळ्यांशी लढून शेवटी चार हातांचा किंतारो आणि त्यानंतर सम्राट शाओ कान यांना हरवायचं.

गंमत म्हणजे हे खेळाडू हाताने काढलेली चित्रं नव्हेत. खऱ्या माणसांना कपडे घालून, त्यांच्या हालचालींचं चित्रीकरण करून ते पडद्यावर आणले होते. त्यात काटकसर अशी की एकाच नटाच्या कपड्यांचा रंग बदलून पिवळा, निळा आणि हिरवा असे तीन योद्धे तयार केले. किटाना आणि मिलीना या दोघी म्हणजेही एकच बाई. आपण एकाच कणकेच्या पोळ्या, पुऱ्या आणि शंकरपाळे करतो, तसलाच प्रकार. आणखी एक गोष्ट मला टोचली. पहिल्या भागातली ती एकुलती एक सोन्या दुसऱ्या भागात खेळायला नाही. ती सम्राटाच्या आखाड्यात मागे साखळदंडांनी बांधलेली दिसते. नव्या दोघी आल्या त्याही अंगावर जेमतेम कपडे घेऊन. लढाईला जाणारी कोणती बाई असे कपडे घालेल? बनवणारे पुरुष, आणि पार्लरमध्ये नाणी टाकणारी बहुतेक पोरं. दुसरं काय होणार!

आता मुद्द्याची गोष्ट. सामना तीन फेऱ्यांचा, दोन जिंकल्या की जिंकलात. इथपर्यंत तो कुस्तीसारखाच आहे. पण शेवटची फेरी संपली की हरलेला खाली पडत नाही. तो जागच्या जागी डुलत उभा राहतो. ‘संपव त्याला’ असा आवाज येतो. जिंकलेल्याला काही सेकंद मिळतात. तेवढ्यात ठराविक बटणं ठराविक क्रमाने दाबली की तो हरलेल्याला अत्यंत क्रूरपणे मारतो. त्याला फॅटॅलिटी म्हणतात. याच गोष्टीवरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की 9 डिसेंबर 1993 रोजी सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली. जो लिबरमन आणि हर्ब कोल हे सिनेटर त्यात पुढे होते. त्यानंतर 1994 मध्ये गेमवर वयाचा शिक्का मारणारी संस्था तिकडे उभी राहिली. आज गेमच्या डब्यावर वयाचं चिन्ह दिसतं, त्यामागे हा खेळ आहे. म्हणजे सासूबाई एकट्या नव्हत्या. सातासमुद्रापलीकडच्या आयाही तेच म्हणत होत्या.

मी यावर पुष्कळ विचार केला. पाठशाळेत आपल्याला हिंसेचे चार प्रकार शिकवतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवली, झाडून काढलं, तर आरंभी. पोटासाठी शेती-व्यापार करताना घडली तर उद्योगी. अंगावर चालून आलेल्याला अडवताना घडली तर विरोधी. गृहस्थाला या तिन्ही पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. पण ठरवून, काही गरज नसताना केलेली ती संकल्पी, आणि ती गृहस्थालाही वर्ज्यच.

हे माप लावून खेळाकडे बघा. सामना चालू आहे तोवर समोरचाही मारतोय, तुम्हीही मारताय, अडवताय. ती झुंज आहे. पण फॅटॅलिटी येते ती सामना संपल्यावर. जिंकून झालेलं असतं. समोरचा हात उचलू शकत नाही. मारल्याने तुम्ही जास्त जिंकत नाही, न मारल्याने हरत नाही. तरीही मारायचं, आणि तेही बटणांचा क्रम पाठ करून, कारण चुकून ते होतच नाही. मला वाटतं सासूबाईंचं बोट बरोबर तिथेच पडलं होतं. पडदा पिठाचा असेल, पाठ केलेला संकल्प मात्र खरा.

इथपर्यंत मी सासूबाईंच्या बाजूने होते. पण भावाने मग एक गोष्ट दाखवली आणि माझी पंचाईत झाली.

या दुसऱ्या भागात फ्रेंडशिप नावाचा नवा प्रकार आला. त्याच काही सेकंदांत वेगळी बटणं दाबली की जिंकलेला हरलेल्याला मारत नाही, त्याच्याशी मैत्री करतो. किटाना केक करते. मिलीना फूल उगवते. कुंग लाओ टोपीतून ससा काढतो. बराका चक्क भेटवस्तू पुढे करतो. जॉनी केज आपल्या फोटोवर सही करून देतो. लिउ कँग नाचतो. जॅक्स कागदाच्या बाहुल्या कापतो. बेबॅलिटी म्हणूनही एक आहे. त्यात हरलेल्याचं तान्हं बाळ होतं. मी तर खो खो हसले. सासूबाईही झोपाळ्यावरून वाकून बघत होत्या.

आणि त्याला एक अट आहे. ज्या फेरीत जिंकून मैत्री करायची, त्या फेरीत ठोशाची दोन्ही बटणं अजिबात दाबायची नाहीत. नुसत्या लाथांवर आणि बचावावर जिंकायचं. म्हणजे मैत्री करायची हे शेवटी ठरवून चालत नाही. ते आधी ठरवावं लागतं आणि जिंकायच्या आधीपासून हात आवरावा लागतो. मुलाने दहा वेळा प्रयत्न केला. दर वेळी सवयीने एक ठोसा जायचाच. अकराव्या वेळी किटानाचा केक आला तेव्हा तो ओरडला, "आज्जी, बघ, न मारता!"

मला त्या क्षणी बाहुबली आठवले. कुंभोजला आपण किती वेळा त्यांच्या पायाशी उभ्या राहिलो असू. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले तेव्हा मंत्र्यांनी म्हटलं, सैन्य कशाला मरू द्यायचं, दोघांनीच लढा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबलींनी जिंकली. शेवटी त्यांनी भरताला उचलून डोक्यावर धरलं. आपटायचं तेवढं बाकी होतं. सगळी सभा बघत होती. तोच तो क्षण! आणि त्यांनी मोठ्या भावाला अलगद खाली ठेवलं. पुढे भरताने रागाने चक्र सोडलं, ते बाहुबलींना प्रदक्षिणा घालून थांबलं. बाहुबलींनी राज्य तिथेच सोडलं. आपण त्यांना पूजतो ते तीन युद्धं जिंकली म्हणून नाही. उचललेल्या भावाला खाली ठेवलं म्हणून. ज्याच्यात मारायची ताकदच नाही त्याने नाही मारलं, तर त्यात क्षमा कसली?

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही त्या खेळाला फारच पुण्यवान करायला निघालात. मुळीच नाही. खेळ बनवणाऱ्यांनी फ्रेंडशिप घातली ती थट्टा म्हणूनच. मुलं नाणी टाकत होती ती रक्तासाठी. हिशेब बघा ना. या दुसऱ्या भागात प्रत्येक खेळाडूला मारण्याच्या निदान दोन रीती दिल्यात. शिवाय काही ठिकाणी हरलेल्याला आम्लात, खड्ड्यात किंवा छताच्या खिळ्यांवर टाकायची सोय वेगळी. मैत्रीची रीत एकच, आणि तीच सगळ्यांत अवघड अटीवर. पण मला वाटतं, थट्टेतसुद्धा त्यांनी एक गोष्ट कबूल केली. मारणं ही सक्ती नाही. ती निवड आहे. ‘संपव त्याला’ असं कुणी कितीही ओरडलं, तरी बटण तुमच्याच बोटाखाली असतं.

म्हणून माझं मत असं बनलंय. मुलांनी झुंजीचे खेळ खेळूच नयेत असं मी म्हणणार नाही. आखाड्यात कुस्ती आपलीही मुलं खेळतात. त्याच काळातला जपानच्या कॅपकॉम कंपनीचा स्ट्रीट फायटर टू आहे, 1991 सालचा. त्यात हरलेला पडतो आणि सामना तिथेच संपतो. त्यात भारताचा म्हणून एक हात-पाय लांब करणारा योगीही आहे, धाल्सिम. त्याच्या गळ्यात कवट्या घातल्यात ते मला पटलं नाही, पण मुलाला तो खेळ खेळायला मी हो म्हटलं. मॉर्टल कॉम्बॅटला मात्र नाही म्हटलं. तिकडच्या लोकांनीच त्यावर सतरा वर्षांच्या पुढचा शिक्का मारलाय, तो तेराव्या वर्षी माझ्या घरात का पुसायचा? सतरा पूर्ण झाली की त्याचं त्याने ठरवावं.

पण नाही म्हणताना मी त्याला ‘पाप लागेल’ एवढंच सांगून उठले नाही. शेजारी बसून सांगितलं की लढाईला नाही म्हणत नाही, लढाई संपल्यावर जे करतात त्याला नाही म्हणतेय. त्याला ते कळलं असावं. कारण तो लगेच म्हणाला, "म्हणजे केक चालेल ना?" आयांनो, नुसती बंदी घातली की मुलं मित्राच्या घरी जाऊन खेळतात. माझा भाऊ पार्लरमध्ये गेला होता तसा. कान धरून घरी आणता येतं, मन नाही आणता येत. बघा, समजून घ्या, मग हो किंवा नाही म्हणा. पण कारणासकट म्हणा.

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं.

पण राखी पौर्णिमेनंतर दशलक्षण पर्व आलं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बस्तीत बसले होते आणि डोळ्यांपुढे तो डुलत उभा राहिलेला, हरलेला योद्धा येत होता. मग त्याच्या जागी माझ्या जाऊबाई दिसायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात घराच्या वाटणीवरून बोलाचाली झाली. बाजू माझी बरोबर होती. सासऱ्यांनी, भाऊजींनी, सगळ्यांनी मान्य केलं. जाऊबाईंनीही मान खाली घातली. वाद तिथे संपला होता. मी जिंकले होते. आणि त्यानंतर, सगळ्यांसमोर, मी त्यांच्या माहेरावरून एक वाक्य बोलले. त्याची गरज नव्हती. ते बोलल्याने मला भिंतीची एक वीट जास्त मिळाली नाही. कित्येक दिवस मनात घोळवून ठेवलेलं वाक्य होतं ते. बटणांचा क्रम पाठ करावा तसं.

तेव्हापासून त्या आमच्याकडे जेवलेल्या नाहीत. क्षमावणीला मी दरवर्षी दोनशे जणांना मोबाइलवर क्षमेचा संदेश पाठवते. त्यात त्यांचाही नंबर असतो. आपण सगळ्याच असं करतो, नाही का? ज्यांचं कधी मन दुखवलं नाही त्यांची हात जोडून क्षमा मागतो, आणि जिचं दुखवलं तिला त्याच गठ्ठ्यात टाकतो. मुलाच्या हातातला खेळ हिसकावून घेताना मला संकल्पी हिंसा बरोबर दिसली. माझ्या जिभेवरची दोन वर्षं दिसली नाही.

या क्षमावणीला संदेश पाठवला नाही. बिनअंड्याचा केक केला. केक का, ते मुलाला आणि मला ठाऊक. तिसऱ्या प्रहरी एकटीच त्यांच्या दारात गेले. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा ठरवलं होतं. दारात उभी राहिल्यावर एवढंच म्हणू शकले, "वहिनी, तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं." बाजू कुणाची बरोबर होती हा विषय काढला नाही. ठोशाचं बटण दाबायचं नाही असं घरातूनच ठरवून निघाले होते.

त्यांनी लगेच मिठी मारली, दोघी रडलो, असं काही झालं नाही. त्यांनी डबा घेतला, पाणी दिलं, मुलाच्या परीक्षेची चौकशी केली. मी निघाले. चार दिवसांनी डबा परत आला. रिकामा नव्हता. त्यात भाजणीच्या चकल्या होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मुलं कोणता खेळ खेळतात ते एकदा शेजारी बसून बघा. आणि वाद जिंकल्यावरचे आपले ते दोन-चार सेकंदही बघा. त्या वेळी कानात जो आवाज येतो, तो टीव्हीतून येत नाही.

चकल्या फार छान झाल्या होत्या. आता डबा पुन्हा भरायचाय. कशाने ते सुचवा.

जय जिनेंद्र.